हाताची आणि डोक्याची

आबांनी खुर्ची सोडायचं ठरवलं आणि ते सगळ्यांना जेवायला बोलावून सांगायचं ठरवलं, तिथेच खरं तर सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं. या घरात जेवायला बोलावून सांगितलेली एकही गोष्ट आजवर सरळ पार पडलेली नाही. दादाचं लग्न घ्या, अक्काची बदली घ्या, नाहीतर गेल्या वर्षीचं मागच्या खोलीच्या छपरावरून झालेलं ते भांडण घ्या. सगळं भरल्या ताटावरच पेटलं होतं.

तरी आले सगळे. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. मागच्या खोलीत, जिथे एरवी दुरुस्तीला आलेली शिलाई मशिनं पाय काढून भिंतीला टेकवून ठेवलेली असत, तिथे जागा करून दोन टेबलं जोडली होती. वर चादर घातली होती, पण मशीनच्या तेलाचा वास काही चादरीनं झाकला जात नाही. त्या वासात आबांच्या धाकट्या लेकीची, धाकटीची, अर्धी हयात गेली होती. ती वाढायला उभी होती, आणि आज सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता, कारण आबा काय सांगणार ते तिला ठाऊक होतं.

"आता माझ्यानं होत नाही," आबा पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले. ठेवतानाही थोडं पाणी सांडलं, आणि सगळ्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. "सुईत दोरा जात नाही. दोऱ्याचं सोडा, साधा पट्टा चढवताना हात थरथरतो. तेव्हा उद्यापासून त्या खुर्चीवर धाकटी बसेल. दुकान तिचं."

"चला, सुटलो," दादा म्हणाला. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं पडद्यांचं दुकान होतं आणि ते बरं चाललं होतं. "मला वाटलं, माझ्या गळ्यात मारता की काय."

"तुझ्या गळ्यात? तू ना हाताचा, ना डोक्याचा."

"तोंडाचा आहे तो," अक्का म्हणाली, आणि दादासकट सगळे हसले.

ही हाताची-डोक्याची वाटणी आबांची स्वतःची. माणूस बघितला की त्याला एका कप्प्यात टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं आणि बिघाड नीट सांगता आला नाही, की "हाताची आहे बाई, बोलणं जमायचं नाही." धाकटीच्या नवऱ्याला तर त्यांनी पहिल्याच भेटीत "हे पायाचे" असं म्हणून टाकलं होतं, कारण तो बस चालवायचा. त्यानं ते हसून घेतलं. तो सगळंच हसून घेतो, म्हणून तर या घरात टिकला.

पण घरातल्या लेकरांची वाटणी म्हणजे थट्टा नव्हती. आबा प्रत्येकाला, दुधाचे दात पडायच्या वयात, पांढऱ्या फडक्यावर मशीनचं शटल सुटं करून द्यायचे. सुईखाली फिरणारा तो भाग, त्यातला हुकासारखा आकडा, पट्टी, बारके स्क्रू. म्हणायचे, जोड. मग बघत बसायचे. जोडून झालं की डोक्यावरून हात फिरवून सांगायचे, हा हाताचा, ही डोक्याची. दादा आधीच स्क्रू हरवून पळाला, म्हणून त्याला कुठलाच शिक्का बसला नाही. अक्का डोक्याची निघाली, ती शिकून पुलांची इंजिनियर झाली. धाकटी हाताची निघाली. ती खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली ती बसलीच.

आणि आज त्या स्टुलावरून खुर्चीवर. तिला खरंच भरून आलं होतं. "आबा, मी नीट करीन हं," एवढंच तिला म्हणता आलं.

"मग स्टूल माझं," मुंगी म्हणाली.

मुंगी म्हणजे धाकटीची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून पडलेलं नाव. सगळे हसले. आबा म्हणाले, "घे की. स्टूल काय, उद्या खुर्चीही तुझीच."

"उद्यापासूनच बसते," मुंगी म्हणाली. "मी नाही जाणार त्या परीक्षेला."

अक्काचा घास हातातच राहिला.

ती परीक्षा म्हणजे नदीपलीकडच्या मोठ्या शाळेची प्रवेश परीक्षा. वर्षातून एकदा होते, उद्या सकाळी होती. मुंगीची आताची शाळा यंदाच्या वर्गाबरोबर संपत होती. मोठ्या शाळेत नाव लागलं नाही, तर उरत होती ती गिरणीजवळची शाळा, जिथे कोणी नापास होत नाही आणि कोणी काही शिकतही नाही. धाकटी स्वतः तिथलीच. ती शाळा अर्धवट सोडली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बघा," आबा खूश होऊन म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? रक्तातच आहे. आताच ती बॉबिन अशी भरते, की बघत राहावं."

"बरं झालं," दादा म्हणाला. "उगीच नदीपलीकडे रोजची ये-जा. पोर खुशीत आहे, दुकानाला वारस मिळाला. मुंगे, पण मामाचे पडदे फुकट शिवायचे हं."

"आबा, तिची परीक्षा आहे उद्या," अक्का म्हणाली.

"मग? नको म्हणतेय ना ती."

"ती अकरा वर्षांची आहे. ती उद्या जेवायचंही नको म्हणेल."

अक्का हे काही वाईट बोलली नव्हती. पण ती बोलली की तिचा आवाज थोडा वर जातो आणि भुवया त्याच्याही वर जातात, आणि धाकटीला लहानपणापासून त्या भुवयांचा राग आहे. आजचा दिवस तिचा होता. आजच्या दिवशी तरी त्या भुवया खाली राहायला काय हरकत होती?

"का गं अक्का," ती म्हणाली, "दुकानात बसणं म्हणजे काय वाईट आहे? मी बसले. माझं काय वाटोळं झालं?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? तुझ्या तोंडाकडे बघितलं की कळतं. आम्ही काय, हातानं काम करणारी माणसं. तुमच्यासारखं कागदावर रेघा मारून पूल नाही बांधता येत आम्हाला."

"हे काय बोलतेस? मी मुंगीबद्दल बोलतेय."

"मुंगी माझी आहे. माझ्यावर गेलीय. तिला जे जमतं ते ती करेल, तू नको लुडबुड करूस."

"शाब्बास," आबा म्हणाले, आणि दादानं टेबलावर हलकेच थाप मारली. दोघं धाकटीच्या बाजूनं आणि अक्का एकटी पडलेली, असं या घरात क्वचितच व्हायचं. धाकटीला क्षणभर फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. अक्कानं ताट पुढे सरकवलं.

इतका वेळ धाकटीचा नवरा मुकाट्यानं जेवत होता. त्यानं हात पुसला आणि मुंगीकडे वळून विचारलं, "पण का नाही जायचं तुला? सकाळपर्यंत तर जायचं होतं."

"मला येणार नाही म्हणून."

"कशावरून?"

"गणित आहे ना त्यात सगळं. मी हाताची आहे. मी आईसारखी आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

मुंगीनं आईकडे बघितलं, अगदी आनंदानं, गुपित दोघींचं असावं तसं. "आईच म्हणते. दुकानात हिशेब आला की म्हणते, आपल्याला नाही बाई ते जमत, आपण हाताची माणसं. शाळेत बाईंना पण सांगितलं तिनं. हो की नाही गं आई?"

धाकटीच्या हातातला डाव भातातच राहिला.

सांगितलं होतं तिनं. गेल्या आठवड्यात गणिताच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. बाई वयानं लहान होत्या, पण थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी मुंगीचा पेपर समोर धरला, आणि त्यावर सुबक अक्षरात नाव लिहिलेलं होतं आणि खाली काही नव्हतं. "तिचं चुकलं असतं तर मला आनंद झाला असता," बाई म्हणाल्या होत्या. "चूक मला दुरुस्त करता येते. पण ही पेन्सिल उचलतच नाही हो. मागच्या वर्षी उचलायची." आणि धाकटीनं काय केलं होतं? हसली होती. आपल्याला गणितातलं काही विचारलं जाईल या भीतीनं तिला नेहमी हसू यायचं. मुंगीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "माझ्यावर गेलीय, बाई. आमच्याकडे हे असंच."

मग बाईंनी पेपर घडी करून परत केला होता. मुंगी घरी येईपर्यंत आईचा हात धरून उड्या मारत आली होती, आणि धाकटीला वाटलं होतं, बरं झालं, पोरीनं मनाला लावून घेतलं नाही.

"भात वाढतेस ना?" दादानं विचारलं.

"घ्या तुम्ही हातानं," ती म्हणाली, आणि डाव ठेवून पुढे दुकानात निघून गेली.

दुकानात उजेड शटरच्या खालूनच येत होता. रस्त्यावरून कोणी चालत गेलं की जमिनीवर फक्त पायांची सावली सरकायची. तिनं खुर्चीकडे बघितलं. वर्षानुवर्षं आबांच्या पाठीनं गुळगुळीत झालेली लाकडी खुर्ची. सकाळी तिनं ती दोनदा पुसली होती. आता तिच्यावर बसायची इच्छा होईना. ती आपल्या स्टुलावर बसली.

आबा मागोमाग आले. त्यांना वाटलं, पोरीला आनंदानं रडू आलं. "अगं, मी काही मेलो नाही अजून," ते म्हणाले. "रोज येऊन डोकं खाणारच आहे तुझं."

"आबा, तुम्हाला आठवतं, मी शटल कधी जोडलं होतं?"

"कुठलं?"

"पहिलं. पांढऱ्या फडक्यावरचं. अक्कानं आणि मी एकाच दिवशी जोडलं होतं, पाहुणे आले होते तेव्हा."

आबांनी खुर्चीत बसून डोळे बारीक केले. "असेल. जोडलं असेल."

"अक्कानं मध्येच थांबून विचारलं होतं, हा आकडा इथेच का बसतो, उलटा का नाही. तुम्ही म्हणालात, ही डोक्याची. माझं तोवर जोडून झालं होतं. तुम्ही म्हणालात, ही हाताची."

"असं?"

"आठवत नाही तुम्हाला?"

"अगं, मी काय, सगळ्यांनाच म्हणतो. त्या दूधवाल्यालाही म्हणतो." ते थोडे ओशाळून हसले. "म्हटलं असेन. तू भराभर जोडायचीस, ते आठवतं. तुझी आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मला एकट्याला दुकान आवरत नव्हतं. तू एवढीशी, आणि एका दमात जोडलंस. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, आता हिचा हातभार होईल. कौतुक केलं गं तुझं."

"आणि डोकं? ते नाही असं म्हणालात का?"

"छे. ते कशाला म्हणेन मी?"

नव्हतेच म्हणाले. ती आठवत राहिली, आणि खरंच, तसं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. ते तिचं तिनंच म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी शाळेत अपूर्णांक आले. वरचा आकडा, खालचा आकडा, मध्ये रेघ. पहिल्या दिवशी कुणालाच कळले नव्हते, अक्काला तर तिच्या वेळी घरी येऊन रडू आलं होतं. पण अक्का रडून पुन्हा बसली, आणि धाकटीनं पेन्सिल खाली ठेवली. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही. उलट एक ओझं उतरल्यासारखं वाटलं. आपलं नाहीच हे, असं वाटलं. त्यानंतर तिनं कधी बघितलंच नाही, की ते आपलं आहे का.

आणि आकडा उलटा का बसत नाही, हा प्रश्न तिलाही पडला होता. तोंडात आला होता. पण तिचं जोडून झालं होतं, आबा हसत होते, आणि त्या हसण्यापुढे प्रश्न विचारायची काही गरजच उरली नाही.

तिला आबांवर रागवायचं होतं. पण कौतुकाबद्दल कुणावर कसं रागवायचं? समोर बसलेल्या म्हाताऱ्याचे हात मांडीवर ठेवलेलेही थरथरत होते, आणि तो काळजीनं तिच्याकडे बघत होता.

"काही चुकलं का माझं?" आबांनी विचारलं.

"नाही. तुम्ही आत जाऊन जरा पडा."

ते गेले. जाताना दारात त्यांना अक्का भेटली, आणि तिनं त्यांना वाट करून दिली. ती आत आली पण बसली नाही. आत दादा धाकटीच्या नवऱ्याला पडद्यांच्या कापडाबद्दल मोठमोठ्यानं सांगत होता.

"मी जाते संध्याकाळच्या गाडीनं," अक्का म्हणाली. "तुझ्या दिवसाचा विचका केला मी. सॉरी."

"बस ना."

"कुठे बसू? खुर्ची तुझी, स्टूल मुंगीचं." ती हसायला गेली, पण हसू नीट आलं नाही. "लहानपणी मला त्या स्टुलावर बसायचं असायचं, माहीत आहे? शाळेतून आले की आधी इथे यायचे. तुम्ही दोघं मशीन उघडून बसलेले असायचात, तेलानं माखलेले, काहीतरी कुजबुजत. मी आले की आबा म्हणायचे, तू इथे काय करतेस, तू डोक्याची, वर जाऊन अभ्यास कर. दार लावून घ्यायचे, आवाज नको म्हणून."

"तुला काय, तुला यायचं सगळं."

"मला यायचं?" अक्कानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "गणित मलाही अडायचं. कुणाला विचारू? डोक्याच्या पोरीला अडून कसं चालेल? मग ते सुटेपर्यंत जेवायचे नाही. अजूनही तसंच आहे. ऑफिसात नवीन पोरं बिनधास्त म्हणतात, मॅडम, समजलं नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. मी आयुष्यात कधी तसं म्हटलेलं नाही."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. आपल्या बहिणीचा हेवा करता करता तिचं वय झालं होतं, आणि या बयेला आपल्या स्टुलाचा हेवा होता. हसावं की रडावं तेच तिला कळेना. तिनं उठून अक्काला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

"बस गप्प. मला एक सांग. मला आलं असतं का गं?"

"काय?"

"गणित. शाळा. तू माझ्याशेजारी बसायचीस घरी. तुला काय वाटायचं?"

अक्कानं लगेच उत्तर दिलं नाही, हे धाकटीला आवडलं. लगेच "हो" म्हणाली असती तर तिनं विश्वास ठेवला नसता.

"मला नाही माहीत," अक्का शेवटी म्हणाली. "तू प्रयत्नच केला नाहीस. मला खरंच नाही माहीत."

"मलाही नाही," धाकटी म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू आलं. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता ती रडली. न मिळालेल्या गोष्टीसाठी माणूस रडतो ते कळण्यासारखं आहे. पण जी आपली होती की नव्हती हेच कधी कळलं नाही, तिच्यासाठी कुठल्या तोंडानं रडायचं? तरी ती रडली. नदीपलीकडची ती शाळा, तिचं दगडी कुंपण, सुट्टीच्या वेळी तिथून येणारा गलका, बाजाराला जाता-येता आजवर आपण तिथे पावलं का हळू करतो, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आतून मुंगी आली, हातात केळं घेऊन. आई रडतेय हे बघून ती दारातच थबकली.

"मावशीनं रडवलं?"

"नाही गं. इकडे ये." धाकटीनं डोळे पुसले. "मुंगे, तू उद्या परीक्षेला जायचं आहेस."

मुंगीचा चेहरा उतरला. तिनं मावशीकडे बघितलं, मग आईकडे, आणि तिला वाटलं की या दोघींची आपल्याविरुद्ध फळी झाली. "पण तू तर मघाशी म्हणालीस. मी तुझ्यावर गेलेय."

"म्हणाले."

"म्हणजे मी तुझ्यासारखी झालेली नको का तुला?"

असा प्रश्न कुणी आपल्याला कधी विचारेल, असं धाकटीला वाटलं नव्हतं. तिनं लेकीला जवळ ओढून घेतलं. एवढ्यात दादाही दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊ दे ना, पोरीला कशाला रडवता? तुझंच दुकान आहे, बसू दे."

"दादा, तू आत जा," धाकटी म्हणाली. तिनं दादाला आजवर असं कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो खरंच गेला.

"ऐक," ती मुंगीला म्हणाली. "माझ्यासारखी म्हणजे कशी, हे मलाच माहीत नाही. मशीन दुरुस्त करता येतं, एवढं माहीत आहे. बाकीचं मी कधी करूनच बघितलं नाही. मला गणित येत नाही असं मी तुला सांगत आले, ती थाप होती. म्हणजे मुद्दाम मारलेली नाही. मला येत होतं की नव्हतं, हेच मला ठाऊक नाही. आणि आता या वयात वाटतं, कळलं असतं तर बरं झालं असतं. तुझं तरी कळू दे."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर नाही आलं, असं कळेल. मग ये इथे, स्टूल कुठे जात नाही. पण पेपर कोरा ठेवून यायचं नाही."

"सगळ्यांच्या समोर चुकेल माझं."

"चुकेल."

"मावशीचं कधी चुकलं नाही."

"माझं परवाच चुकलं," अक्का खुर्चीतून म्हणाली. "तीन दिवसांचं काम पुन्हा केलं. कुणाला सांगू नकोस."

मुंगीला हे पटलं नाही, पण गंमत वाटली. ती केळं खात विचार करत राहिली. मग म्हणाली, "तू पण बस माझ्याबरोबर. आत्ता. मी एकटी नाही बसणार."

धाकटीकडे नको म्हणायला सतरा कारणं होती. भांडी पडली होती, आबांचा चहा व्हायचा होता, दादा अजून निघायचा होता. तिनं नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "अहो, चहाचं तुम्ही बघा." आतून "बघतो" असा आवाज आला.

मुंगीनं सरावाचं पुस्तक आणलं. धाकटीनं दुरुस्तीच्या टेबलावरचे स्क्रूंचे डबे बाजूला सारले आणि शटर वर ढकललं, तसा रस्त्यावरचा उजेड आत आला. दोघी शेजारी बसल्या. अक्का खुर्चीतून उठून मदतीला येऊ लागली, तेव्हा धाकटीनं मान हलवून तिला नको म्हटलं. अक्काला ते फार जड गेलं, पण ती बसून राहिली.

धाकटीनं बोट ठेवून वाचलं. एक काम करायला एका माणसाला सहा दिवस लागतात. तेच काम दुसऱ्याला तीन दिवसांत जमतं. दोघांनी मिळून केलं, तर किती दिवस लागतील?

तिनं पुन्हा वाचलं. आकडे दिसत होते, पण त्यांचं करायचं काय ते दिसत नव्हतं. मुंगी तिच्या हाताकडे बघत होती, पेन्सिल ठेवते की काय म्हणून. धाकटीनं ती घट्ट धरून ठेवली आणि लिहिलं, सहा अधिक तीन, नऊ.

"नऊ दिवस," ती म्हणाली.

मुंगी पुस्तकावर वाकली. "नऊ कसे?"

"मिळून म्हटलंय ना. मिळवले."

"अगं आई, पण दोघं करतायत. एकट्याला सहा लागतात, मग दुसरा मदतीला आल्यावर जास्त कसे लागतील?"

धाकटीनं नऊकडे बघितलं. खरंच की. ती चूक तिला इतकी लख्ख दिसली, की लाज वाटायच्या आधी तिला नवल वाटलं.

"मग किती?" तिनं विचारलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"थांब." मुंगीनं केळ्याचं साल बाजूला टाकलं आणि आईच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "तीनपेक्षा कमी. नक्की कमी. पहिल्या दिवशी हा माणूस कामाचा सहावा भाग करेल, हो ना? आणि हा तिसरा भाग." तिनं एक चौकोन काढला आणि त्याच्यात उभ्या रेघा मारायला लागली. पहिल्या रेघा तिरप्या आल्या. तिनं त्या खोडल्या आणि पुन्हा मारल्या.

मागे खुर्ची जराशी करकरली. अक्का उठून उभी राहिली असावी. धाकटीला मान वर करून लेकीचं तोंड बघायचं होतं, फार बघायचं होतं, इतकं दुसरं काही बघायचं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पण बघितलं तर मुंगी थांबेल, या भीतीनं तिनं बघितलं नाही. ती खाली मान घालून रेघा मोजत राहिली.